तापाच्या रुग्णाला आधी काय विचारशील?

प्रिय बाय,

ड्युटीला लागून महिना व्हायच्या आत तू इबोलाबद्दल विचारलंस, म्हणजे व्हॉट्सॲपवर पुन्हा काहीतरी फिरतंय. मोपाच्या विमानतळावर एक आजारी प्रवासी उतरला की अख्खा गोवा आडवा, असं तुला कुणीतरी सांगितलंय. तसं होत नाही. गोवराचा एक रोगी लस न घेतलेल्या बारा ते अठरा जणांना आजार देऊ शकतो, कारण गोवर हवेतून जातो. इबोलाचा हाच आकडा साधारण दीड ते दोन. लक्षणं दिसायच्या आधी तर तो कुणाला लागतच नाही. रक्त, ओकारी, जुलाब असल्या स्रावांचा थेट संपर्क डोळ्यांना, तोंडाला किंवा चिरलेल्या कातडीला आला, की विषाणू आत शिरतो.

पण हा दीड-दोनाचा धोका सगळ्यांमध्ये सारखा वाटला गेलेला नसतो. तुला नर्स म्हणून समजून घ्यायचंय ते हेच. २०१४ साली पश्चिम आफ्रिकेतल्या लायबेरियाहून अमेरिकेतल्या डॅलसला गेलेला एक माणूस तिथे इबोलानं आजारी पडला. तापाचे पहिले दिवस तो ज्या घरात होता, तिथल्या एकालाही लागण झाली नाही. लागण झाली ती रुग्णालयात त्याची सेवा करणाऱ्या दोन नर्सना. आजार चढत जातो तसा अंगातला विषाणू वाढत जातो, आणि मेल्यावरही तो प्रेतात असतो. त्यामुळे हा रोग नेमका गाठतो तो उशाशी बसणाऱ्या आईला, ओकारी पुसणाऱ्या सिस्टरला आणि प्रेताला अंघोळ घालणाऱ्या नातलगांना. बसमध्ये शेजारी बसलेल्याला तो सहसा गाठत नाही.

रुग्णालयही रोग वाढवू शकतं, हे विसरू नकोस. १९७६ साली झाईरमधल्या (आताच्या काँगो लोकशाही प्रजासत्ताकातल्या) याम्बुकू गावात इबोला पहिल्यांदा ओळखला गेला, तेव्हा तिथल्या मिशनच्या दवाखान्यात रोज सकाळी पाच सिरिंजा मिळत आणि त्याच दिवसभर वापरल्या जात. त्या साथीत ३१८ रुग्णांपैकी २८० दगावले. आज झाईर जातीच्या इबोलावर लस आहे, औषधंही आहेत. पण हातमोजे आणि दर रुग्णाला नवी सुई, यांची जागा ती घेणार नाहीत.

डॅलसच्या त्या माणसाची आणखी एक गोष्ट. तो पहिल्यांदा रुग्णालयात गेला तेव्हा आफ्रिकेहून आल्याचं त्यानं सांगितलं होतं. तरी त्याला गोळ्या देऊन घरी पाठवलं. याउलट त्याच वर्षी नायजेरियातल्या लागोसमध्ये डॉ. अमेयो अदादेवो यांनी लायबेरियाहून आलेल्या एका बड्या रुग्णाला, वरून दबाव असतानाही, रुग्णालयातून सोडलं नाही. त्यात त्यांचा स्वतःचा जीव गेला. पण एवढ्या मोठ्या देशात साथ २० रुग्णांवर आणि ८ मृत्यूंवर थांबली.

आपल्याकडे तारवटी, म्हणजे जहाजांवर काम करणारे, गावोगाव. ताप घेऊन आलेल्याला ‘आफ्रिकेला गेला होतास का?’ असं विचारू नकोस, तो बिचकतो. गेल्या एकवीस दिवसांत कुठल्या बंदरात उतरलास, तिथे कुणा आजाऱ्याची सेवा केलीस का, मयताला गेला होतास का, असं विचार. एकवीस अशासाठी की लागण झाल्यापासून लक्षणं दिसायला दोन ते एकवीस दिवस लागतात. उत्तर केस पेपरवर वरतीच लिही आणि डॉक्टरांना तोंडीही सांग. संशय आला तर त्याला वेगळ्या खोलीत ने, आरोग्य अधिकाऱ्यांना फोन जाऊ दे, आणि सांगितल्याशिवाय रक्त काढू नकोस.

आणि हे नीट वाच. पश्चिम आफ्रिकेहून ताप घेऊन आलेल्या माणसाला इबोलापेक्षा मलेरिया असण्याची शक्यता कितीतरी जास्त. सुरुवातीला दोन्ही सारखेच दिसतात. इबोलाच्या भीतीनं मलेरियाची तपासणी लांबली, तर ज्याला वाचवता आला असता तोच जाईल. म्हणून ‘काळजी घेऊन, पण आजच’ ती करायचा आग्रह डॉक्टरांकडे धर.

आपल्या सत्तरी तालुक्यातल्या माकडतापाचा अनुभव इथे कामाला येणार नाही. तो गोचिडीतून येतो, माणसाकडून माणसाला लागत नाही.

पीपीई, म्हणजे अंगभर घालायचा संरक्षक पोशाख, चढवताना सगळेच सावध असतात. धोका असतो तो उतरवताना, घामानं निथळत असताना, कधी एकदा मोकळं होतो असं झालेलं असताना. समोर एक माणूस उभा कर, त्यानं एकेक पायरी मोठ्यानं वाचावी आणि तू तेवढंच करावंस. गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) असा सराव ठेवला तर सुट्टी असली तरी जा.

राहिला प्रश्न बरा होऊन आलेल्याचा. नोव्हेंबर २०१४ मध्ये दिल्ली विमानतळावर असाच एक जण थांबवला होता. लायबेरियातून बरा झाल्याचा दाखला घेऊन आलेला, रक्तात काही नाही, पण वीर्यात विषाणूचे अंश सापडले. ते काही महिने राहू शकतात. असा कुणी आला तर त्याच्याबरोबर जेवायला, बसायला काहीच हरकत नाही, हे आधी घरच्यांसमोर सांग. मग त्याला एकट्याला बाजूला घे आणि निरोध, पुढच्या तपासण्या, सगळं स्पष्ट बोल. लाजलीस तर तोही लाजेल.

तुझी,
मावशी