सगळ्यांचा उन्हाळा, आणि दोघांचाही

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. आमच्या लग्नाला अजून वर्ष व्हायचंय. मी २७ वर्षांची, नवरा २९ चा. दोघांनाही भटकायची भारी आवड. या उन्हाळ्यात दोघांनाही बऱ्यापैकी रजा मिळते आहे, त्यामुळे आम्ही बरंच काही योजलं होतं: डोंगरात तंबू टाकून राहायचं, एखादा मोठा चढ चढायचा, तळ्यात कयाक चालवायची. घरी विषय निघाला तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "आम्हालाही न्या की कुठेतरी." मग माझ्या आई-बाबांनीही विचारलं. नणंद सहा वर्षांच्या मुलाला घेऊन यायचं म्हणते आहे. सासऱ्यांचा गुडघा दुखतो, सासूबाईंना रक्तदाबाची गोळी चालू आहे. मला सगळेच हवे आहेत. पण सगळ्यांना घेतलं तर आमच्या बेतातलं काय उरेल? नाही घेतलं तर माझ्याच मनाला लागेल. शिवाय कुठेही चालायला गेलो की नवरा पार पुढे, मी मध्ये आणि बाकीचे मागे, असंच होतं. कसं जमवू?

उत्तर : सगळ्यांच्या आवडीनिवडी एकाच सहलीत कोंबायचा विचार आधी डोक्यातून काढून टाक. तशी सहल कोणाचीच होत नाही. लहान मूल कंटाळतं, गुडघा दुखणारा माणूस आपल्यापायी सगळे अडले म्हणून मनातल्या मनात झुरतो आणि तुम्ही दोघं घड्याळाकडे बघत बसता. उन्हाळ्याचे सरळ दोन भाग करा. एक सहल घरच्या सगळ्यांची, एक फक्त तुमची. आणि हे घरात आताच, तारखांसकट सांगून टाका. "बघू, जमलं तर आम्ही दोघं पण जाऊन येऊ" असं मोघम बोललं की मोठ्यांना वाटतं, आपल्याला टाळताहेत. तारीख सांगितली की तो प्रश्नच उरत नाही. लोकांना डोंगरात घेऊन जाणं हेच माझं काम आहे. घराघरांतले रुसवेफुगवे मी जवळून बघते, आणि त्यातले बहुतेक या मोघमपणातूनच उपजतात.

घरच्यांची सहल आधी ठेवा, तुमची नंतर. मोठ्यांचा मान म्हणून तर आहेच, पण शरीराच्या दृष्टीनंही तेच बरं. उन्हाची सवय व्हायला शरीराला साधारण एक ते दोन आठवडे लागतात. तेवढ्यात घाम लवकर सुटायला लागतो, घामातून जाणारं मीठ कमी होतं आणि तेवढ्याच श्रमाला छाती पूर्वीइतकी धडधडत नाही. घरच्यांबरोबर रोज थोडं थोडं चाललात की तुमच्या मोठ्या चढाची तयारी आपसूक होते.

जागा निवडताना उंची बघ. दर १००० मीटरला हवा साधारण साडेसहा अंशांनी थंड होते. म्हणजे १५०० मीटरवर समुद्रकाठापेक्षा जवळजवळ दहा अंशांचा फरक पडतो, आणि मोठ्या माणसांना तेवढा पुरेसा आहे. त्यापेक्षा फार वर जायचा मोह नको. २५०० मीटरच्या वर विरळ हवेचा त्रास सुरू होऊ शकतो: डोकं दुखतं, मळमळतं, झोप लागत नाही. लहान मूल आणि गोळ्या चालू असलेली माणसं बरोबर असताना ती परीक्षा कशाला बघायची? आणखी एक. गार वाटतं म्हणून ऊन बाधत नाही असं मुळीच नाही. दर १००० मीटरला अतिनील किरण उलट दहा टक्क्यांनी वाढतात. टोपी आणि सनस्क्रीन सगळ्यांना, सासऱ्यांनाही, आणि सनस्क्रीन दर दोन तासांनी पुन्हा.

मुक्काम एकच ठेवा. रोज सामान बांधा, रोज नवी खोली शोधा, यात निम्मी सहल जाते आणि सगळ्यात जास्त दमतात ती वयस्क माणसं. एका जागी राहून रोज वेगळ्या दिशेला जा. आणि पहाट तुम्हा दोघांची. उजाडता उजाडता निघा, एखादी टेकडी चढा आणि घरची मंडळी आवरून बाहेर येईपर्यंत परत या. हेही आदल्या रात्री सांगून. साडेअकरा ते चार सगळ्यांनी सावलीत काढायचे आणि संध्याकाळी सगळ्यांनी मिळून फिरायचं. एखाद्या पहाटे नणंदेला बरोबर घे, मूल तिच्या आईबाबांकडे राहील. एकटीनं मोकळं चालायला तिला तरी वर्षभरात कधी मिळत असेल?

आता चालण्याबद्दल सांगते, कारण खरी अडचण तिथेच आहे असं तुझ्या पत्रावरून वाटतं.

विल्यम नाइस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकानं १८९२ साली एक हिशेब मांडला. तो आजही कामाला येतो: दर पाच किलोमीटरला एक तास, आणि वर दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. समजा वाट सहा किलोमीटरची आहे आणि चढ ३०० मीटरचा, तर होतात एक तास बेचाळीस मिनिटं. पण हा हिशेब धडधाकट माणसाचा, तोही न थांबता चालणाऱ्याचा. घरची मंडळी बरोबर असली की मी तो सरळ दुप्पट धरते. म्हणजे जवळजवळ साडेतीन तास. निघायची वेळ त्यावरून ठरवायची आणि ती सगळ्यांना सांगायची. मग मागे राहिलेल्याला उशीर झाल्यासारखं वाटतच नाही, कारण ती वेळ त्याचीच धरलेली असते.

नवऱ्याला सगळ्यात शेवटी चालू दे. हे मी अगदी मनापासून सांगते आहे. ज्याची चाल सगळ्यात हळू, तो पुढे. वाट माहीत असलेला माणूस हवा तर त्याच्या एक पाऊल पुढे असू दे, पण वेग त्या हळू चालणाऱ्याचाच. एरवी काय होतं बघ. पुढचे भराभर जाऊन वर बसतात, पाणी पितात, फोटो काढतात. सासरे घाम पुसत तिथे पोचतात आणि तेवढ्यात पुढचे उठतात, "चला, आले सगळे!" ज्याला विश्रांती सगळ्यात जास्त हवी, त्यालाच ती मिळत नाही. असा दिवसभर चाललेला माणूस दुसऱ्या दिवशी "तुम्ही जाऊन या, मी इथेच बसतो" म्हणतो. सगळे म्हणतात, त्यांना आवड नाही. विश्रांतीची पाच मिनिटं मोजायची ती शेवटचा माणूस बसल्यापासून.

गुडघ्याला चढापेक्षा उतार जड जातो. काठ्या दोन घ्या, उतरताना त्यांची उंची थोडी वाढवा, पावलं लहान टाका. आणि मांड्या सगळ्यात जास्त दुखतात त्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, त्यामुळे पहिल्याच दिवशी मोठा उतार करून दुसऱ्या दिवशी पुन्हा लांबचा बेत आखू नका. निघण्याआधी सासऱ्यांना डॉक्टरांकडून एकदा गुडघा तपासून घेऊ दे.

सासूबाईंची गोळी कोणती आहे हेही त्याच फेरीत विचारून घ्या. रक्तदाबाच्या काही गोळ्या लघवीवाटे पाणी बाहेर टाकणाऱ्या असतात आणि वय वाढलं की तहानेची जाणीवही बोथट होते. त्यामुळे "तहान लागली का?" असं विचारून उपयोग नाही, ठरावीक वेळानं पाणी पुढे करायचं. गोळी मात्र स्वतःच्या मनानं बंद करायची नाही.

माझ्या एका गटात साठी ओलांडलेल्या एक बाई होत्या. सकाळपासून त्यांच्या तोंडाचा पट्टा चालू होता, नातवंडांच्या गोष्टी एकामागून एक. अकराच्या सुमारास त्या गप्प झाल्या. गप्प झालेल्या माणसाकडे सहसा कोणाचं लक्ष जात नाही. मी मागे वळून बघितलं तर त्या पाण्याच्या बाटलीचं झाकण उलट्या बाजूनं फिरवत होत्या, पुन्हा पुन्हा. त्यांना सावलीत बसवलं, बुटांचे बंद सैल केले, मान, काखा आणि मनगटं ओल्या रुमालानं पुसत राहिलो, दोघींनी टोप्यांनी वारा घातला. नाव, वार, कुठे आहोत, सगळं त्या नीट सांगत होत्या, म्हणून घोट घोट पाणी दिलं. बऱ्याच वेळानं त्यांनी नातवाची गोष्ट जिथे तुटली होती तिथून पुढे सुरू केली, तेव्हा माझ्या जिवात जीव आला. तिथून आम्ही सरळ खाली उतरलो. तेव्हा बोलकं माणूस गप्प झालं की थांबा. आणि असंबद्ध बोलायला लागलं, तोल जायला लागला, तर तो उष्माघात धरून चाला. त्यात शरीराचं तापमान ४० अंशांच्या वर जाऊ शकतं. मदत बोलवा, पण ती येईपर्यंत वाट बघत बसू नका, लगेच अंगावर पाणी ओतून वारा घाला. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालायचं नाही.

भाच्याची फार काळजी करू नकोस. सहा वर्षांचं मूल अंतर चालत नाही, ते पुढच्या दगडापर्यंत चालतं, मग त्याच्या पुढच्या झाडापर्यंत. त्याला काहीतरी काम दे: खुणा शोधायच्या, वळण आलं की सगळ्यांना थांबवायचं. गळ्यात शिट्टी अडकव आणि पहिल्याच दिवशी शिकव, चुकलास तर इकडेतिकडे पळायचं नाही, जवळच्या झाडापाशी थांबायचं आणि शिट्टी वाजवत राहायचं. गाडीत मात्र त्याला पाच मिनिटांसाठीही एकटं सोडायचं नाही. उन्हातल्या बंद गाडीतलं तापमान पहिल्या दहा मिनिटांतच दहा अंशांनी वाढू शकतं.

प्रश्न : ताई, तिच्याच पाकिटात माझीही चिठ्ठी घालतो आहे. आमच्या दोघांच्या सहलीत मला कयाकिंग करायचंच आहे. पण तिला पोहता येत नाही, पाण्याची भीती वाटते. तिला कसं पटवू? आणि डोंगरात वादळ आलं तर काय करायचं?

उत्तर : पटवू नकोस. भीती वाटणाऱ्या माणसाला पटवून पाण्यात उतरवलं की ते काठीसारखं ताठ बसतं, आणि ताठ बसलेला माणूसच कयाक उलटवतो. त्यापेक्षा पहिला दिवस कंबरभर पाण्यात काढा. तिला लाइफ जॅकेट घालायला दे आणि खांद्यांवर धरून वर ओढून बघ. ते हनुवटीपर्यंत सरकलं तर सैल आहे, पट्टे आवळ. मग तिला पाठीवर पडून तरंगू दे, हवा तेवढा वेळ. जॅकेट आपल्याला खरोखर वर धरतं हे अंगाला कळावं लागतं, सांगून भागत नाही. नंतर प्रशिक्षकासमोर, काठाजवळ, दोघांनी मिळून कयाक मुद्दाम उलटवा. उलटली तर काय होतं हे एकदा बघितलं की निम्मी धास्ती जाते. उलटल्यावर कयाक सोडून पोहत सुटायचं नाही, कयाकलाच धरून राहायचं. डोंगरातल्या तळ्याचं पाणी उन्हाळ्यातही चांगलंच गार असतं. अचानक पडलं की श्वास धपापतो, पण तो मिनिटभरात ताळ्यावर येतो. तेवढा वेळ नुसतं तरंगायचं. आणि एवढं सगळं करूनही ती नको म्हणाली, तर नको. तू एकटा जा, तिला काठावर मजेत बसू दे.

ती तयार झाली तर दोघांची कयाक घ्या. तुला जास्त येतं, म्हणून तू मागे बसायचं. दिशा मागचा सांभाळतो, पण लय पुढचा ठरवतो आणि त्या लयीवर मागच्यानं वल्हं मारायचं असतं. सकाळी लवकर जा, दुपारी बहुधा वारा सुटतो. जाताना वाऱ्याच्या तोंडावर जा, म्हणजे दमल्यावर परत येताना वारा पाठीशी राहील.

वादळाचं म्हणशील तर वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोज. आवाजाला एक किलोमीटर यायला साधारण तीन सेकंद लागतात. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर वादळ दहा किलोमीटरच्या आत आहे, आणि तेवढ्या अंतरावरची वीज तुमच्यापर्यंत पोचू शकते. शिखर, धार, उघडं मैदान, पाणी, एकटं झाड, सगळ्यांपासून दूर जा. तंबू विजेपासून वाचवत नाही. पक्की इमारत किंवा काचा बंद केलेली पत्र्याच्या टपाची गाडी वाचवते. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबूनच बाहेर पडा. उन्हाळी वादळं बहुतेक दुपारनंतर उठतात, म्हणून दुपार व्हायच्या आत माथ्यावरून खाली निघायचं.

तंबूबद्दल तुम्ही दोघांनीही विचारलेलं नाही, पण सांगते. घरी एकदा उभा करून बघा, खुंट्या मोजून घ्या. कोरड्या ओढ्याच्या पात्रात कधीही लावू नका, वरच्या बाजूला पाऊस पडला तर ओढ्याला इथे पाणी येतं. पाण्यापासून साठ-सत्तर पावलं दूर लावा. आत स्टोव्ह पेटवायचा नाही, कितीही थंडी वाजली तरी. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेत कळतही नाही. आणि निघण्याआधी घरच्या कोणाकडे तरी एक कागद देऊन ठेवा: वाट कोणती, मुक्काम कुठे, परत किती वाजता येणार, आणि ती वेळ टळली तर पहिला फोन कोणाला करायचा.