दहावीतल्या मुलाला सैन्यात अधिकारी व्हायचे आहे. कोल्हापुरात राहून तयारी कशी करावी?

बारावीनंतरचा सरळ मार्ग खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून जातो. तिची लेखी परीक्षा केंद्रीय लोकसेवा आयोग वर्षातून २ वेळा घेतो आणि तिच्यात ३०० गुण गणिताचे असल्याने, भूदलासाठी बारावीची कोणतीही शाखा चालत असली, तरी गणित सोडू नये.

रंकाळ्यावर पहाटे धावणारी मुले पुष्कळ दिसतात. बोलण्याचा सराव मात्र फारच थोडी करतात. लेखीइतकेच, म्हणजे ९०० गुण, लेखीनंतर ५ दिवस चाचण्या आणि मुलाखत घेणाऱ्या सैन्याच्या निवड मंडळाकडे असतात आणि तिथे पहिल्याच दिवशी, ३० सेकंद दाखवलेल्या धूसर चित्रावर गोष्ट लिहून ती अनोळखी मुलांच्या गटात मांडावी लागते.

अकरावी-बारावीत मुलांना ठेवून घेऊन प्रबोधिनीची तयारी करून घेणाऱ्या छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्थेचा अर्ज दहावीतच भरावा लागतो, त्यामुळे मुलाने तो यंदाच भरावा.