जुन्या बॅटरीत एलईडी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझ्याकडे दोन मोठ्या सेलची जुनी पितळी बॅटरी आहे. रात्री पाणी धरायला जाताना लागते. तिच्या बल्बच्या जागी बसणारे तीन एलईडी दुकानात दिसले. एकावर ‘३ व्होल्ट’ लिहिलंय, दुसऱ्यावर ‘१ ते ३ व्होल्ट, १ वॅट’ आणि तिसऱ्यावर ‘४ ते १२ व्होल्ट, ३ वॅट’. तिसरा सगळ्यात महाग आहे. तोच घ्यावा का? (एक शेतकरी वाचक, बारामती तालुका)

उत्तर : तिसरा घेऊ नका. त्यातलं सर्किट व्होल्टेज उतरवतं, चढवत नाही. दोन सेल अगदी कोरे असले तरी मिळून ३ व्होल्टच देतात. त्यावर तो पेटलाच तर मिणमिणेल. चार सेलच्या बॅटरीसाठी मात्र तो ठीक आहे.

पहिला आणि दुसरा यांत खरा फरक आहे. पांढऱ्या एलईडीला नीट पेटायला साधारण २.८ ते ३.२ व्होल्ट लागतात. साधा झिंक-कार्बन सेल कोरा असताना १.५ व्होल्ट देतो, पण वापरात तो हळूहळू उतरत १ व्होल्टपर्यंत येतो. ‘३ व्होल्ट’वाल्यात एलईडीशिवाय फार तर एखादा रेझिस्टर (करंट रोखणारा सुटा भाग) असतो. त्यामुळे पहिल्या रात्री तो झकास दिसतो, पण लवकरच मंद होतो आणि सेलमध्ये बराच जीव शिल्लक असताना तुम्ही सेल फेकून देता. चार्जिंगचे सेल वापरत असाल तर ते १.२ चे, म्हणजे दोन मिळून २.४ व्होल्ट. त्यांच्यावर हा एलईडी जेमतेम लुकलुकेल.

‘१ ते ३ व्होल्ट’वाल्यात एक छोटी कॉइल असते आणि ती व्होल्टेज वर चढवते. याला बूस्ट सर्किट म्हणतात. दोन सेलच्या बॅटरीला हाच योग्य. छापलेल्यावर भरवसा ठेवू नका, दुकानातच पारख करा. एकच १.५ व्होल्टचा सेल घ्या. एलईडीचं खालचं टोक सेलच्या पितळी टोपीवर टेकवा आणि कॉलरपासून, म्हणजे एलईडीच्या धातूच्या कड्यापासून, सेलच्या बुडापर्यंत एक वायर धरा. पेटला तर आत बूस्ट आहे हे नक्की, कारण नुसता पांढरा एलईडी दीड व्होल्टवर पेटत नाही.

आता उजेडाचा हिशेब. अशा बॅटऱ्यांचा जो पीआर-२ नावाचा प्रमाण बल्ब आहे, तो २.३८ व्होल्टवर अर्धा अँपिअर घेतो आणि सुमारे १० ल्युमेन उजेड देतो. १ वॅटचा बूस्ट एलईडीही सेलमधून साधारण अर्धा अँपिअरच ओढतो, पण चांगल्या प्रतीचा असेल तर ८० ते १०० ल्युमेन देतो. म्हणजे ‘सेल दहापट टिकतात’ ही जाहिरात खोटी आहे. सेल साधारण तेवढेच चालतात, उजेड मात्र आठ-दहापट मिळतो.

एक गोष्ट मनात पक्की ठेवा. जुना बल्ब सेल संपत आल्याचं आधी सांगायचा. व्होल्टेज एक दशांश उतरलं की त्याचा उजेड जवळपास तीस टक्के घटतो आणि पिवळा पडतो. बूस्ट एलईडी हे सांगत नाही. सेल उतरले की तो उलट जास्त करंट ओढून उजेड तसाच ठेवतो आणि मग थोड्या वेळात अंधार होतो. बांधावर, विहिरीच्या कडेला हे जिवावर बेतू शकतं. खिशात दोन कोरे सेल ठेवल्याशिवाय बाहेर पडू नका.

बूस्ट सर्किट सेल पार निचरून काढतं, त्याचाही एक तोटा आहे. झिंक-कार्बन सेलचं जस्ताचं भांडंच आत खर्च होत असतं. ते झिजून भोक पडतं आणि सेल पाझरतो. म्हणून उजेड गेला की सेल त्याच दिवशी काढा. जुना आणि नवा सेल एकत्र घालू नका, कारण जुना आधी संपतो आणि नवा त्याच्यातून उलटा करंट रेटतो. पाझरलंच तर साध्या सेलचा स्राव आम्लधर्मी असतो. पाण्यात खाण्याचा सोडा कालवून त्यात भिजवलेल्या फडक्याने पुसा आणि पूर्ण वाळवा. अल्कलाईन सेलचा पांढरा थर मात्र सोड्याने जात नाही, त्याला लिंबू किंवा व्हिनेगर लागतं.

बसवण्याआधी झाकणातली स्प्रिंग, बटणाची पट्टी आणि झाकणाचे आटे बारीक पॉलिश पेपरने घासून चकचकीत करा. कळकट सांध्यांचा रोध ०.४ ओहम जरी असला तरी अर्ध्या अँपिअरला ०.२ व्होल्ट तिथेच खर्च होतात. शेवटचं म्हणजे जुन्या बल्बला उलटसुलट चालायचं, एलईडीला चालत नाही. सेलची टोपी बल्बच्या दिशेलाच हवी.

प्रश्न : एलईडी बसवला, उजेड भरपूर आहे, पण झोताच्या मधोमध काळा गोळा दिसतो. लांबचं काहीच दिसत नाही. (सातारा)

उत्तर : एलईडी रिफ्लेक्टरच्या केंद्रबिंदूवर बसलेला नाही. जुन्या बल्बच्या कॉलरच्या वरच्या कडेपासून तारेपर्यंतचं अंतर मोजा. एलईडीचा पिवळा ठिपकाही कॉलरपासून तेवढ्याच उंचीवर हवा. ठिपका जास्त वर असेल तर कॉलर आणि रिफ्लेक्टर यांच्यामध्ये पातळ वायसर घाला. अर्ध्या मिलिमीटरपासून सुरू करा आणि दर वेळी पाच-सहा मीटरवरच्या भिंतीवर झोत पाहा. ठिपका खाली असेल तर वायसरने काम होत नाही, दुसरा एलईडीच बघावा लागेल. वायसर धातूचाच घ्या. रिफ्लेक्टरमधून करंट जात असेल तर प्लॅस्टिकच्या वायसरने बॅटरी बंदच पडेल.

ज्या एलईडीचा ठिपका समोर तोंड करून बसलेला असतो, तो मागे उजेड टाकत नाही. त्यामुळे खोल रिफ्लेक्टरचा तळाचा भाग वाया जातो. फोकस बरोबर जुळला तरी जुन्या बल्बसारखा बारीक, लांब पल्ल्याचा झोत कमी ल्युमेनच्या एलईडीकडून मिळणार नाही.

प्रश्न : जुनी शुअरफायर ६पी (छोटी अमेरिकन बॅटरी) आहे, दोन सीआर१२३ए (३ व्होल्टच्या छोट्या लिथियम) सेलवर चालते. तिच्या पी-६० दिव्याच्या जागी बसणारे दोन एलईडी मॉड्यूल (सर्किटसकट तयार दिवे) पाहिले, एक ‘२.७ ते ४.२ व्होल्ट, ३ अँपिअर’, दुसरं ‘३ ते ९ व्होल्ट, १ अँपिअर’. ल्युमेन पहिल्याचे दुप्पट आहेत. कोणतं घ्यावं? (न्यू जर्सी)

उत्तर : दुसरं घ्या. तुमचे दोन सेल मिळून ६ व्होल्ट होतात. पहिल्या मॉड्यूलमध्ये बहुधा करंट आवरणाऱ्या, प्रत्येकी ३५० मिलिअँपिअरच्या चिपा एकाशेजारी एक लावलेल्या असतात आणि जास्तीचं व्होल्टेज त्या नुसत्या उष्णतेत घालवतात. ६ व्होल्टवर २.८ अँपिअर ओढले तर चिपांमध्येच सात-आठ वॅट जळतील. शिवाय सीआर१२३ए सेलकडून इतका करंट सतत मागणं धोक्याचं आहे. ते मॉड्यूल एका १८६५० (चार्जिंगच्या लिथियम) सेलसाठी आहे, आणि तो सेल ६पीच्या नळीत आतून बोअर केल्याशिवाय जात नाही. दुसऱ्या मॉड्यूलमध्ये सेलमधून साधारण पाऊण अँपिअर जाईल, म्हणजे दीडेक-दोन तास. मूळ पी-६० दिवा ६५ ल्युमेन देत एक तासच चालायचा.

कोणतंही मॉड्यूल घेतलं तरी खरी अडचण उष्णतेची आहे. तारेचा दिवा आपली उष्णता किरणांतून समोर फेकतो. एलईडीची मागे साचते आणि ती बॅटरीच्या अंगातूनच बाहेर पडायला हवी. मॉड्यूल आणि नळी यांच्यात हवेची फट राहते, आणि हवा म्हणजे गोधडीच. स्वयंपाकघरातल्या अॅल्युमिनियम फॉइलची पट्टी मॉड्यूलभोवती गुंडाळत जा, हाताने दाबून घट्ट बसेल इतकीच. हातोडी लागत असेल तर एक वेढा काढा, नाही तर मॉड्यूल पुन्हा निघणार नाही. तांब्याची टेप मिळाली तर आणखी चांगलं. फॉइल मधल्या छोट्या स्प्रिंगला टेकता कामा नये, टेकली तर थेट शॉर्ट. मोठी बाहेरची स्प्रिंग नळीला टेकणारच, ती टेकायलाच हवी.

पाच मिनिटं चालवून बॅटरीच्या अंगाला हात लावा. बॅटरी कोमट झाली तर काम नीट झालं. थंडगार राहिली आणि उजेड मात्र उतरत गेला, तर उष्णता आतच अडकली आहे. उघडून फॉइलचा आणखी एक वेढा द्या.

प्रश्न : दोन मोठ्या सेलच्या बॅटरीत १ ते ३ व्होल्टचा एलईडी आहे. सेलच्या जागी एक १८६५० आणि लाकडी ठोकळा बसवला तर? (कुडाळ)

उत्तर : नुसत्या लाकडातून करंट जाणारच नाही, आणि करंट जाईल अशी सोय केली तर एलईडी जळेल. भरलेला १८६५० सेल ४.२ व्होल्टचा असतो. बूस्ट सर्किट फक्त चढवू शकतं. सेलचं व्होल्टेज एलईडीच्या वर गेलं की करंट कॉइलमधून सरळ आरपार जातो आणि त्याला अडवायला काहीच उरत नाही. १८६५० च वापरायचा असेल तर आधी एलईडी ‘२.७ ते ४.२ व्होल्ट’चा बसवा, सेल संरक्षक सर्किट असलेला घ्या, आणि लाकडी ठोकळ्याऐवजी करंट नेणारा पितळेचा किंवा अॅल्युमिनियमचा ठोकळा करून घ्या. नळी ३४ मिलिमीटरच्या सेलसाठी आहे आणि हा सेल १८ चा. भोवती प्लॅस्टिकच्या पाइपचा तुकडा घातला नाही, तर तो आत खडखडेल आणि प्रत्येक धक्क्याला उजेड जाईल.