आईच्या मागे घर रिकामं करू का?

प्रश्न: आई ७१ वर्षांची, एकटी राहते. रद्दी, पिशव्या, रिकाम्या डब्यांनी दोन खोल्या भरल्यात. ती गावाला गेली की सगळं काढून टाकावं का?

उत्तर: कृपा करून नको. हा साठवणुकीचा विकार असू शकतो, म्हणजे निरुपयोगी वस्तूही टाकवत नाहीत असा मानसिक आजार; त्यात वस्तू टाकताना खरोखर यातना होतात. तिच्यामागे घर रिकामं केलंत, तर विश्वास तुटेल आणि ढीग पुन्हा उभे राहतील.

आधी फक्त जीव सांभाळा. गॅसच्या शेगडीभोवतीचे कागद हलवा, पलंगापासून संडास आणि दारापर्यंत अडीच-तीन फुटांची वाट मोकळी करा. हेही तिला सांगूनच.

मग एकच टेबल किंवा एकच कप्पा, रोज २०-३० मिनिटं. ठेवायचं, द्यायचं, टाकायचं; निर्णय तिचाच. ‘नंतर बघू’चा चौथा ढीग मात्र होऊ देऊ नका, काम तिथेच अडतं. गठ्ठे वरून उतरवा, खालून ओढले की कोसळतात. रद्दीत पासबुकं, नोटा निघतात, म्हणून प्रत्येक गठ्ठा चाळा. टाकायचं ठरलेलं त्याच दिवशी घराबाहेर गेलं पाहिजे, नाहीतर रात्रीतून परत आत येतं.

नवं येणंही थांबवायला हवं: वर्तमानपत्र बंद करण्याबद्दल तिच्याशी बोला. मनोविकारतज्ज्ञांना दाखवाच, कारण विचार-वर्तन उपचारांचा (बोलण्यातून विचार आणि सवयी बदलण्याच्या उपचारांचा) उपयोग होतो आणि सोबत नैराश्य किंवा विस्मरण आहे का तेही कळतं. मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी ‘टेली-मानस’ हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे.