सेकंदकाट्याचं भोक आणि बाकीचे प्रश्न

सुटे भाग आणून मनगटी घड्याळ स्वतः जोडणाऱ्या किंवा जुन्या घड्याळाची तबकडी, काटे, काच बदलणाऱ्या वाचकांचे प्रश्न या वेळी घेतले आहेत. बरेचसे प्रश्न ‘हात स्थिर राहत नाही’ अशा तक्रारीने सुरू होतात. हाताला उगाच दोष दिला जातो. जे बसत नाही, ते बहुतेक वेळा मागवतानाच चुकलेलं असतं.

प्रश्न : एनएच३५ मशीनसाठी (घड्याळाच्या आतल्या यंत्रणेचं एक मॉडेल) काट्यांचा संच घेतला. तासकाटा आणि मिनिटकाटा नीट बसले, पण सेकंदकाटा दाबला की बसल्यासारखा वाटतो आणि घड्याळ उलटं केलं की काचेवर पडतो. तो चिकटवला तर चालेल का?

चिकटवू नका. तुमच्याकडे आलेला संच बहुधा ईटीए २८२४-२ या दुसऱ्या मशीनसाठीचा आहे. त्या मशीनला तासकाट्याचं भोक १.५० मिलिमीटर, मिनिटकाट्याचं ०.९० आणि सेकंदकाट्याचं ०.२५ लागतं. एनएच३५ ला पहिली दोन मापं हीच चालतात, सेकंदकाट्याचं मात्र ०.२० लागतं. म्हणून दोन काटे बसले आणि तिसऱ्याने दगा दिला. फरक ०.०५ मिलिमीटरचा, म्हणजे एखाद्या बारीक केसाएवढा. डोळ्यांना तो दिसत नाही, पण घर्षणावर धरून राहणाऱ्या काट्याला तेवढा पुरतो.

गोंदाचा धोका असा, की तो नळीतून खाली उतरतो आणि मिनिटकाटा ज्या कॅनन पिनियनवर बसतो तिथपर्यंत पोहोचतो. मग सेकंद आणि मिनिट एकमेकांना बांधले जातात आणि मशीन थांबतं. योग्य मापाचा काटा मागवणं हाच सरळ उपाय. तोच काटा हवा असेल तर त्याच्या खालची पितळी नळी बारीक पिन-व्हाइसच्या (हातात धरायच्या छोट्या पकडीच्या) जबड्यात धरून अगदी हलकी आवळता येते. एकदा आवळायची, बसवून बघायचं, लागलीच तर पुन्हा. नळी लंबगोल झाली तर काटा फिरताना वरखाली डुलतो आणि मग तो टाकूनच द्यावा लागतो.

उलट प्रकारही होतो. भोक लहान आहे म्हणून जोर लावला की काटा नळीवरून निसटून खाली सरकतो किंवा मशीनची सेकंदाची बारीक पिन वाकते. काटा बदलता येतो, पण वाकलेल्या पिनेसाठी चाक बदलावं लागतं. मागवताना ‘एनएच३५ ला चालेल’ एवढ्या शब्दांवर विसंबू नका. तीनही भोकांची मापं लिहिलेली असतील तरच घ्या. लांबीही भोकाच्या मध्यापासून टोकापर्यंत मोजा. २८.५ मिलिमीटरच्या तबकडीची त्रिज्या १४.२५ असते, पण कडेचा काही भाग आतल्या रिंगखाली झाकला जातो, हे त्यात धरा.

प्रश्न : काटे बसवले, पण तारीख बाराला न बदलता पावणेएकला बदलते. शिवाय मिनिटकाटा बारावर असताना तासकाटा आकड्याच्या थोडा पुढे असतो.

काटे मध्यरात्रीचा क्षण न शोधता बसवले गेले आहेत. आता सगळे काढून पुन्हा बसवायचे.

काढताना आधी किल्ली (वेळ लावायचं बाजूचं बटण) बाहेर ओढून तीनही काटे एकावर एक येतील असं बघा, म्हणजे दोन्ही बाजूंच्या लिव्हर (काटे उचलायच्या चपट्या पट्ट्या) एकदमच खाली सरकवता येतात. तबकडीवर मध्ये चीर दिलेला पातळ प्लास्टिकचा तुकडा ठेवा. वरून पारदर्शक पिशवी पसरा, कारण काटा सुटतो तो उडूनच. लिव्हर दोन्हीकडून एकाच वेळी दाबायच्या. एका बाजूने उचललं की पिन वाकते.

आता तासकाटा नुसता टेकवा, दाबू नका. किल्ली वेळेच्या खाचेत ठेवून मशीन पुढेच फिरवा. तारीख पडली, तिथेच थांबा. टेकवलेला काटा काढून बरोबर बारावर बसवा, मग मिनिटकाटाही बारावर. लगेच सेकंदकाट्याकडे वळू नका. मशीन बारा तास फिरवून तीन, सहा, नऊ आणि पुन्हा बारा बघा. तीनला तासकाटा बरोबर आणि नऊला चुकलेला असेल तर भोक आणि तबकडीचा मध्य जुळत नाही, म्हणजे तबकडी सरकलेली आहे. चारही ठिकाणी सारखाच पुढे असेल तर फक्त काटा पुन्हा बसवायचा.

सेकंदकाटा बसवताना किल्ली बाहेरच ठेवा. एनएच३५ मध्ये किल्ली पूर्ण ओढली की मशीन थांबतं, त्यामुळे पिन हलत नाही. लाकडी काडीच्या टोकाला रोडिकोचा (धूळ-तेल टिपणाऱ्या चिकट पुटीचा) मोहरीएवढा गोळा लावून त्याने काटा उचला आणि नळी पिनेवर टेकवा. भिंगातून एकदा बाजूने पाहा आणि एकदा वरून. काटा तबकडीला समांतर दिसला पाहिजे. काडीने हलकंच ढकलल्यावर तो पिनेभोवती फिरला आणि पडला नाही, तर नळी पिनेत आहे. मगच सपाट टोकाच्या दाबणीने एकदा, सरळ खाली दाबा. तीन काट्यांत प्रत्येकी एखाद्या जाड कागदाएवढी फट दिसली पाहिजे.

एक सूचना इथेच. काटे नसताना किल्लीच्या मधल्या खाचेतून तारीख बदलू नका. अशा मशीनमध्ये रात्री नऊ ते पहाटे चार या वेळात तारीख फिरवणारं चाक गुंतलेलं असतं आणि त्या वेळी घाईने तारीख बदलली की दाता मोडतो. काटे नसले की मशीन त्या वेळात आहे की नाही हे कळायला मार्गच नसतो. तारीख हवी तर मशीन पुढे फिरवूनच आणा. त्यात पाच मिनिटं जातील, जाऊ द्या.

प्रश्न : उघडं असताना घड्याळ छान चालतं, काच बसवली की थांबतं.

सेकंदकाट्याची नळी काचेला लागते आहे. काट्याच्या मध्यावर रोडिकोचा टाचणीच्या डोक्याएवढा ठिपका ठेवा, काच टेकवा, उचला. ठिपका चपटा झाला असेल तर कारण सापडलं. काटे अजून थोडे खाली दाबायला जागा आहे का बघा. नसेल तर आतून सपाट काचेऐवजी आतून घुमटाकार काच लागेल. तबकडीखाली चिकट ठिपके लावले असतील तर तेही उंची वाढवतात, हे अनेकांच्या लक्षात येत नाही.

प्रश्न : नवीन तबकडीला मागे चार पाय आहेत. कोणते कापायचे?

चार पाय दिलेले असतात ते दोन प्रकारच्या केससाठी (घड्याळाच्या बाहेरच्या कवचासाठी): किल्ली तीनवर असलेल्या आणि किल्ली चारच्या जवळ असलेल्या. आधी मशीन तुमच्या केसमध्ये, स्टेम (किल्लीला जोडलेली दांडी) घालून ठेवा. मग तबकडी वर धरून बघा: बारा वर आल्यावर तारखेची खिडकी तारखेवर येते का? ज्या दोन पायांच्या समोर मशीनला भोकं आहेत, ते राखायचे. तारखेचे आकडे तिरके दिसत असतील तर चूक तबकडीची नसते. आतली तारखेची चकती दुसऱ्या किल्लीच्या जागेसाठी छापलेली असते.

कापताना पाय वाकवून तोडायचा नाही. तो वाकला की तबकडीच्या पुढच्या बाजूला पुळी उठते किंवा रंगाचा टवका उडतो, आणि तो दुरुस्त होत नाही. सपाट जबड्याच्या कटरने तळाशी अर्धा मिलिमीटर ठेवून कापा आणि उरलेलं बारीक कानशीने घासा. तबकडी उलटी ठेवताना खाली स्वच्छ, मऊ रबर हवं. चुकून राखायचाच पाय कापला गेला तर सोल्डरिंग करू नका, उष्णतेने पुढचा रंग जातो. अशा वेळी तबकडीसाठीचे पातळ चिकट ठिपके वापरतात, ते पायांइतके पक्के नसतात.

प्रश्न : हातमोजे घालायचे की बोटांच्या टोप्या?

पावडर नसलेल्या बोटांच्या टोप्या. हातमोज्यात स्पर्शाचा अंदाज जातो. घामातलं मीठ आणि तेल तबकडीवर आज दिसत नाही, काही आठवड्यांनी डाग होऊन उमटतं. धूळ तोंडाने फुंकू नका, थुंकीचे कण जातात. रबरी फुग्याचा ब्लोअर वापरा. मॅट तबकडीवर रोडिको दाबला तर तेलकट ठसा राहतो, म्हणून तिथे फक्त टेकवा. चिमटा पितळेचा घ्या, पोलादी टोक काट्यांच्या कडा ओरबाडतं.

प्रश्न : स्टेम किती कापायची? पहिली जास्त कापली गेली.

मागवताना आट्याचं माप तपासा. एनएच३५ च्या स्टेमला ०.९० मिलिमीटरचे आटे असतात, किल्लीही त्याच मापाची हवी. न कापलेल्या स्टेमवर किल्ली पूर्ण चढवा, स्टेम मशीनमध्ये आत ढकला, आणि किल्लीची खालची कड जिथे टेकायला हवी तिथपर्यंतची फट कॅलिपरने मोजा. फट ४ मिलिमीटर असेल तर ३.५ च कापा. उरलेलं अर्धा मिलिमीटर कानशीने, दर वेळी ०.१ घासून, बसवून बघत काढा. कापायचं ते आट्यांच्या टोकाकडून. कटरने आटे चेपतात, म्हणून टोक तिरकं घासून पहिला आटा मोकळा करा. तुटलेला तुकडा डोळ्याकडे येऊ शकतो, त्यामुळे चष्मा घाला आणि वर कापड धरा.

लांब राहिली तर फिरवून बंद होणारी किल्ली पूर्ण बसत नाही आणि तिच्यातलं रबर दाबलं जात नाही. आखूड झाली तर किल्ली केसच्या नळीला टेकते तेव्हा स्टेम अजून तारखेच्या खाचेतच असते. बसलेल्या किल्लीला आट्यांवर लॉकटाइट २२२ चा (आटे धरून ठेवणाऱ्या गोंदाचा) सुईच्या टोकाएवढा थेंब पुरतो.

स्टेम काढण्यासाठी मशीनवरचा जो छोटा खड्डा दाबायचा, तो फक्त टेकवल्यासारखा दाबा. खोल दाबला तर सेटिंग लिव्हर जागेवरून उतरतो, स्टेम परत पकडत नाही आणि तबकडी काढून सगळं उघडावं लागतं. किल्ली कोणत्या खाचेत असताना स्टेम काढायची, हे त्या मशीनच्या तांत्रिक पत्रकात दिलेलं असतं. ते वाचल्याशिवाय हात लावू नका.

प्रश्न : जोडल्यानंतर घड्याळ दिवसाला सहा-सात मिनिटं पुढे जातं.

एनएच३५ ची कारखान्याची मर्यादाच दिवसाला २० सेकंद मागे ते ४० सेकंद पुढे अशी आहे, पण मिनिटांत गेलं तर रेग्युलेटरला (वेग कमी-जास्त करणाऱ्या दांडीला) हात लावू नका. बहुतेक वेळा हेअरस्प्रिंगमध्ये (झुलणाऱ्या चाकाच्या केसासारख्या बारीक स्प्रिंगमध्ये) चुंबकत्व आलेलं असतं. वेटोळी एकमेकांना चिकटतात, स्प्रिंग आखूड झाल्यासारखी वागते आणि चाक वेगाने झुलतं. होकायंत्राची सुई घड्याळाजवळ हलली तर हेच. डीमॅग्नेटायझरचं (चुंबकत्व काढणाऱ्या यंत्राचं) बटण दाबून घड्याळ हळूहळू हातभर दूर न्या, मग बटण सोडा. तरीही तसंच चाललं तर वेटोळ्यांवर तेल लागलं आहे किंवा बोट लागून ती गुंतली आहेत, आणि ते काम अनुभवी घड्याळजीचं. टाइमग्राफरवर (टिकटिक ऐकून घड्याळाची चाल मोजणाऱ्या यंत्रावर) मोजताना लिफ्ट अँगल (मशीननुसार ठरलेला कोन) ५३ अंश लावा, नाहीतर अ‍ॅम्प्लिट्यूडचा (चाकाच्या झोक्याच्या कोनाचा) आकडा खोटा येतो.

प्रश्न : सफायर काच दाबताना कडेचा टवका उडाला.

मोह्सच्या कठीणपणाच्या मोजणीत सफायर ९ वर आहे, म्हणजे सहसा ओरखडे पडत नाहीत, पण कडेला ती ठिसूळच. काच तिरकी शिरली आणि प्रेस दाबला की टवका जातो. गॅस्केट (काचेभोवतीची कडी) आधी केसमध्ये सगळीकडून सारखं बसवा, काच वर ठेवून बोटाने चारही बाजूंनी फट सारखी करा आणि काचेच्या कडेवर टेकणारा नायलॉनचा साचा वापरा. मध्यावर दाब येऊ देऊ नका. एका बाजूने वर राहिली तर जोर वाढवू नका. काढा, गॅस्केट बदला. आणि काच बदललेलं घड्याळ दाबाच्या यंत्रावर तपासल्याशिवाय पाण्यात नेऊ नका, मागच्या झाकणावर कितीही मीटर कोरलेले असोत.

प्रश्न : जुन्या घड्याळाचे काटे अंधारात चमकत नाहीत. जुना लेप खरवडून नवा लावावा का?

खरवडू नका. १९६० च्या दशकापर्यंत अशा लेपात रेडियम वापरत. त्यातलं चमकणारं झिंक सल्फाइड काही दशकांत निकामी होतं, रेडियम मात्र तसंच राहतं; त्याचं अर्धायुष्य १,६०० वर्षं आहे. चमक गेली म्हणजे किरणोत्सर्ग गेला, असं नाही. बंद काचेआड अल्फा कण अडतात, पण खरवडलेली भुकटी श्वासातून गेली तर ती शरीरात राहते. तबकडीच्या तळाशी ‘टी’ अक्षर असेल तर ट्रिटियम आहे, त्याचं अर्धायुष्य सुमारे १२.३ वर्षं. अक्षर नसलं म्हणून रेडियम नाही, असं समजू नका. असं घड्याळ उघडूच नका. हौस नव्या काट्यांवर भागवा, त्यांच्यावर स्ट्राँशियम अ‍ॅल्युमिनेटचा लेप असतो आणि तो किरणोत्सर्गी नसतो.

प्रश्न : एनएच३६ ची (वारही दाखवणाऱ्या मशीनची) वाराची चकती काढताना वरची बारीक रिंग उडाली. सापडत नाही.

खोलीचा दिवा बंद करा, टॉर्च जमिनीला टेकवून आडवा धरा. रिंगची सावली लांब पडते. आधी स्वतःच्या कपड्यांवर आणि बाहीच्या दुमडीत बघा. पुढच्या वेळी मशीन मोठ्या पारदर्शक पिशवीत ठेवून हात आत घालून काम करा, आणि रिंगची एक बाजू लाकडी काडीने दाबून धरून दुसरी उचला.