तुझी पळते की माझी?

पावसाळा सरला, रस्ते कोरडे झाले की या सदराकडे एकाच धाटणीची पत्रं यायला लागतात: दोन दोस्त, दोन गाड्या आणि चहाच्या टपरीवर न मिटलेला वाद. या खेपेला ती सगळी एकत्र घेतली आहेत. नावं छापलेली नाहीत. घरी कळू नये, अशी बऱ्याच जणांची विनंती होती.

माझी रॉयल एनफिल्डची क्लासिक 350, मित्राची यामाहाची आर15. माझं इंजिन त्याच्या दुपटीहून मोठं, तरी तो पुढं निघून जातो. सगळे चिडवतात. गाडीत काही दोष असेल का? (खानापूर)

दोष काही नाही. सीसी म्हणजे सिलिंडरमधली जागा. त्या जागेकडून मिनिटाला किती वेळा काम करून घेतलं, त्यावर ताकद ठरते. तुमचं 349 सीसीचं इंजिन 6100 आरपीएमच्या (मिनिटाला फेऱ्यांच्या) आसपास साधारण 20 अश्वशक्ती देतं. मित्राचं 155 सीसीचं इंजिन 10,000 पर्यंत फिरून 18 काढतं. म्हणजे ताकदीत तुम्ही पुढे आहात, पण जेमतेम दोनने.

आता वजन बघा. तुमची गाडी 195 किलोची, त्याची 142. दोघेही 75 किलोचे धरले, तर तुमच्या एका अश्वशक्तीच्या वाट्याला साडेतेरा किलो येतात आणि त्याच्या वाट्याला बारा. त्यात तो टाकीवर झोपून चालवतो आणि तुम्ही छाती काढून वारा अडवता.

पण तुम्हाला चिडवणाऱ्यांना एक सांगा. तुमच्या गाडीचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, 27 न्यूटन मीटर, तोही 4000 आरपीएमलाच. त्याचा 14 च्या आसपास, आणि त्यासाठी काटा साडेसात हजारांवर न्यावा लागतो. डबल सीट, पाठीला बॅगा, समोर चढ आणि दोघंही वरच्या गिअरमध्ये चाळीसने चालले आहात. इथं गिअर न बदलता मूठ पिळायची अट घाला, मग तो मागं राहील. त्याला दोन गिअर पाडू दिले, की पुन्हा त्याचीच सरशी. टॉर्कला आरपीएमने गुणून 9549 ने भागलं की किलोवॅटमध्ये पॉवर मिळते. टॉर्क मोठा की पॉवर मोठी, हे भांडण या एका गणितात मिटतं.

मी आणि मेव्हण्यानं पल्सर 150 एकाच शोरूममधून, एकाच आठवड्यात घेतल्या. त्याची आरामात 105 ला जाते, माझी 95 ला अडकते. मेकॅनिक म्हणतो इंजिन खोलावं लागेल. (हुक्केरी)

इंजिनाला इतक्यात हात लावू देऊ नका. आधी तुमचं आणि मेव्हण्याचं वजन किती, हे प्रामाणिकपणे बघा. फरक वीस किलोचा असेल, तर पिकअपमधला थोडा फरक तिथंच सापडला.

मग गाडी सेंटर स्टँडवर घ्या, न्यूट्रल करा आणि मागचं चाक हातानं जोरात फिरवा. चाक मोकळं फिरायला हवं. खर्र खर्र करत अर्ध्या फेऱ्यात थांबलं, तर ब्रेकचे लायनर ड्रमला घासताहेत. पाय ठेवताच ब्रेक लागावा म्हणून रॉडचा नट कुणीतरी जास्त आवळलेला असतो. आमच्या उद्यमबागेतल्या वर्कशॉपवर ‘गाडी ओढत नाही’ म्हणून येणाऱ्या गाड्यांत हा प्रकार फार. खात्री करायची तर मागचा ब्रेक न वापरता चार-पाच किलोमीटर जाऊन या आणि ड्रमजवळ हात न्या. धग लागली तर तुमचं पेट्रोल तिथं जळतंय.

त्यानंतर चेन. खालची बाजू मधोमध बोटानं वरखाली करा. साधारण इंचभर खेळ हवा; नेमका आकडा गाडीबरोबरच्या पुस्तकात असतो. चाक फिरवत तीन-चार ठिकाणी तपासा. एका जागी ताठ आणि दुसऱ्या जागी लोंबती असेल, तर चेन आणि ती फिरवणाऱ्या दातेरी चकत्या (स्प्रॉकेट) यांचा सेट संपला. तुमच्या भागात गळिताच्या हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागून जाताना जी धूळ उडते, ती चेनमध्ये बसते आणि एअर फिल्टरमध्येही. त्यामुळे फिल्टर पुस्तकातल्या मुदतीच्या आधी बघा.

क्लच तपासायचा तर वरच्या गिअरमध्ये पन्नास-साठला असताना मूठ एकदम पिळा. आवाज चढला, आरपीएम उडाले आणि वेग मात्र रेंगाळला, तर प्लेटा सरकताहेत. लिव्हरला जराही खेळ ठेवला नसेल तर असं होतं. कुणी घरातलं उरलेलं कारचं ऑइल टाकलं असेल, तरीही होतं. मोटारसायकलचा क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो; डब्यावर मोटारसायकलच्या ऑइलची ‘जासो एमए’ किंवा ‘एमए2’ ही खूण हवी.

शेवटी टॅपेट, म्हणजे इंजिनाचे वॉल्व्ह दाबून उघडणारा भाग. ‘टॅपेट वाजत नाही म्हणजे इंजिन टकाटक’ असं आपल्याकडे ठाम मानतात. खरं तर गरजेपेक्षा घट्ट टॅपेट मुळीच वाजत नाही, आणि त्याचा वॉल्व्ह गरम झाल्यावर पुरता बसतही नाही. कॉम्प्रेशन गळतं, पुढे वॉल्व्ह जळतो. बारीक टिकटिक असलेली बरी. गॅप मोजायचा तो इंजिन थंड असताना, फीलर गेजनं (ठरलेल्या जाडीच्या पातळ पट्ट्यांनी), कानानं नव्हे.

एवढं करून दहाचा फरक राहिला, तरच खोलायचं बघा.

तवंदी घाटाच्या उतारावर माझ्या मीटरला 132 पडले, मित्राच्या मीटरला 127. जिंकलं कोण? (निपाणी)

कुणीच नाही. उताराला पाच टक्के ढाळ धरला आणि गाडी-माणूस मिळून 220 किलो, तर त्या वेगाला पृथ्वी तुम्हाला पाचेक अश्वशक्ती फुकट देते. दीडशे सीसीच्या गाडीला हा मोठा आहेर झाला. त्यात मीटर. काटा खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवता कामा नये, म्हणून कंपन्या तो मुद्दामच थोडा पुढं ठेवतात. कोणत्या मॉडेलचा किती पुढं, ते वेगवेगळं असतं. दोन वेगळ्या गाड्यांची मीटर ताडून पाहण्यात अर्थ नाही. मागच्या टायरचा साइज किंवा स्प्रॉकेट बदललं असेल, तर काही गाड्यांत मीटर आणखी फसवतं. जीपीएसवर बघितलं तर काहीतरी कळेल.

सपाटीवरचा टॉप स्पीड ठरवते ती मुख्यतः हवा. हवेचा रेटा वेगाच्या वर्गानं वाढतो आणि तो फोडायला लागणारी ताकद घनानं. शंभरवरून एकशेवीस गाठायचे तर हवेसाठी लागणारी ताकद सुमारे पाऊणपट वाढते. वीस किलोमीटरसाठी एवढं! म्हणूनच सायलेन्सर, फिल्टर, प्लग यांवर दहा हजार घालवणाऱ्यापेक्षा कोपरं आत घेऊन वाकलेला पोरगा पुढं जातो. फडफडणारं जॅकेटसुद्धा वेग खातं.

आणि 130 ला, कोरड्या सपाट रस्त्यावर, चांगला ब्रेक असूनही, दिसल्यापासून थांबेपर्यंत गाडी सुमारे 130 मीटर घेते. उतारावर त्याहून जास्त. तवंदीला पुढच्या वळणाआड घसरत चाललेला भरलेला ट्रक असतो, हे मी तुम्हाला निपाणीकरांना काय सांगायचं?

फ्री फ्लो सायलेन्सर लावला की किती वेग वाढतो? (शहापूर, बेळगाव)

नुसता सायलेन्सर बदलून वाढतो तो आवाज. बीएस6 गाडीत (प्रदूषणाचा नवा निकष पाळणाऱ्या) किती पेट्रोल सोडायचं ते ईसीयू, म्हणजे गाडीतला छोटा संगणक, ठरवतो आणि एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर त्याला खबर देतो. तिथली नळी बदलून ईसीयूला तसंच ठेवलं, की अनेकदा खालचा टॉर्क पडतो. कान मात्र सांगतात की गाडी पळतेय. आवाजाच्या मर्यादा मोडल्या तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 190 खाली पहिल्याच वेळी दहा हजारांपर्यंत दंड आहे. शहापुरात रात्री अकराला शेजारी काय म्हणतात, ते वेगळंच.

माझा मावसभाऊ मडगावला राहतो. त्याची आणि माझी गाडी सेम. तो म्हणतो, बेळगावात आला की गाडी मरगळते. खरं की बहाणा? (टिळकवाडी)

अर्धं खरं. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे 750 मीटरवर. इथली हवा गोव्यापेक्षा सुमारे सात टक्के विरळ, म्हणून सिलिंडरमध्ये जाणारा ऑक्सिजन तेवढा कमी आणि ताकदही तेवढीच कमी. चोर्ला घाट उतरून गोव्यातल्या साखळी गावाकडे गेल्यावर तुमचीही गाडी हलकी वाटत असेल.

पण त्यानं दोन गोष्टी लपवल्या. गोव्याची हवा उकाड्याची आणि दमट. बेळगावात सकाळी 20 अंश आणि मडगावात 32 असतील, तर सातातले चार टक्के तिथंच गेले. दुसरं, विरळ हवा इंजिनाला कमी देते तशी समोरून अडवतेही कमी. त्यामुळे फरक पिकअपमध्ये जाणवेल, टॉप स्पीडमध्ये जवळपास नाहीच. टॉप स्पीडचा बहाणा त्याला चालवू देऊ नका.

पुढचं स्प्रॉकेट एका दातानं कमी केलं की गाडी उडते म्हणे? (संकेश्वर)

उडत नाही, लवकर उठते. पंधराचं चौदा केलं की प्रत्येक गिअर सुमारे सात टक्के आखूड होतो. पिकअप वाढतो. हायवेला मात्र इंजिन त्याच वेगाला जास्त ओरडतं आणि पेट्रोल जास्त पितं. संकेश्वर-गडहिंग्लज रोज करणाऱ्यानं हे करू नये.

बाबांची 1991 ची यामाहा आरएक्स 100 घरी आहे. ते म्हणतात, आजच्या कुठल्याही दीडशेला ती मागं टाकेल. गावातली म्हातारी मंडळीही त्यांच्याच बाजूची. (चिकोडी)

पहिल्या पन्नास मीटरपर्यंत बाबांचं म्हणणं मी खोडणार नाही. 98 सीसी, अकराच्या आसपास अश्वशक्ती आणि वजन शंभर किलोच्या जरा वर. टू-स्ट्रोक इंजिन क्रँकच्या (इंजिनातल्या फिरत्या दांड्याच्या) प्रत्येक फेऱ्याला पेटतं, फोर-स्ट्रोक एक फेरा सोडून. त्यामुळे मूठ पिळली की धक्का लगेच बसतो, आणि तो अनुभव आकड्यात मावत नाही. पण आकडे मांडले तर 75 किलोच्या स्वारासह तिच्या एका अश्वशक्तीला सोळा किलो ओढावे लागतात. वर चारच गिअर. ऐंशीच्या पुढं आजची चांगली दीडशे तिला निवांत ओलांडते.

तुमची गाडी तेवढीही उठत नसेल, तर सायलेन्सरच्या शेपटाचा बोल्ट काढून आतली बॅफलची (आवाज दाबणारी, भोकांची) नळी ओढा. भोकं काजळीनं बुजलेली असणार. टू-स्ट्रोकमध्ये सायलेन्सर हा इंजिनाचाच अवयव आहे. त्यातून परतणारी दाबाची लाट निसटू पाहणारं ताजं मिश्रण पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलते. म्हणून ‘आवाज मोकळा करायला’ बॅफल काढून फेकणारे गाडीची ताकदच फेकतात. आपल्या जिल्ह्याच्या उसाचं इथेनॉल आता पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत असतं. जुन्या कार्बोरेटरची रबरं त्यासाठी बनलेली नाहीत आणि इथेनॉल पाणीही ओढून घेतं. गाडी महिनोन् महिने उभी राहणार असेल तर टाकी आणि कार्बोरेटर रिकामे करून ठेवा.

मुलगा सतरा वर्षांचा आहे. रात्री मित्रांबरोबर हलग्याच्या बाजूला हायवेवर गाड्या पळवतात. पैसे लावत नाही, मैत्रीतली गंमत आहे म्हणतो. रागावलं की दोन-दोन दिवस बोलत नाही. (अनगोळ)

ताई, पैसे नसले तरी कायद्याला ती शर्यतच. सार्वजनिक रस्त्यावर परवानगीविना शर्यत लावली तर कलम 189 खाली तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण तुमच्या घराला जास्त लागू आहे ते 199अ. गिअरच्या गाडीचा परवाना अठराशिवाय मिळत नाही. अल्पवयीनानं गुन्हा केला, तर पालक किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार दंड, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द आणि त्या मुलाला पंचविशीपर्यंत परवाना नाही. वर अपघात झाला, तर विमा कंपनी भरपाईची रक्कम मालकाकडून वसूल करू शकते. हे त्याला ओरडून नको, कागदावर लिहून दाखवा. पंचविशीचा मुद्दा सतराव्या वर्षी बरोबर लागतो.

आणि किल्ली आजपासून तुमच्याकडे. इथं मी मध्यममार्ग सांगणार नाही.

मात्र वेगाची आवड हा दुर्गुण नव्हे. कोइमतूरजवळ करी मोटर स्पीडवे आहे, सुमारे 2.1 किलोमीटरचा, चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक 3.7 किलोमीटरचा. पालकांची संमती असेल तर तुमच्या मुलाहून लहान पोरं तिथं शिकतात आणि स्पर्धेत उतरतात. समोरून ट्रॅक्टर येत नाही, घड्याळ सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजतं आणि पहिल्याच दिवशी कळतं की हायवेवरचा राजा वळणात किती कच्चा आहे. खर्च आहे: प्रवास, लेदरचा सूट, बूट, हेल्मेट. त्यातला काही भाग त्यानं सुट्टीत एखाद्या गॅरेजमध्ये काम करून उभा करावा. हात काळे झाले की गाडीबद्दलचा आदरही वाढतो.

मंडळातर्फे गणपतीत स्लो बाइक रेस ठेवतो. सगळ्यात शेवटी पोचेल तो पहिला, पाय टेकला की बाद. दर वर्षी वाद होतात. काही सूचना? (येळ्ळूर)

लेनची रुंदी चुन्यानं आखा, म्हणजे आडवं जाऊन वेळ काढणं बंद होईल. गाडी पूर्ण थांबली तर बाद की नाही, हे आधी फळ्यावर लिहा; निम्मे वाद त्यावरचेच असतात. खेळणाऱ्यांसाठी: पहिला गिअर, मूठ एका जागी स्थिर, क्लच अर्धा आणि वेग फक्त मागच्या ब्रेकनं धरायचा. पुढचा ब्रेक दाबला आणि हँडल जरा वळलेलं असलं, की गाडी पडलीच. नजर पुढच्या चाकावर नको, शेवटच्या रेषेवर ठेवा. स्कूटरना वेगळा गट करा. त्यांचा क्लच आपोआप लागतो नि सुटतो, त्यामुळे स्वाराच्या हातात फक्त मूठ आणि ब्रेक उरतात. दोघांना एकत्र खेळवलं तर भांडण परत तुमच्याच मंडपात.