साहेबांचे गुरुवार

"ताई, सप्रेम नमस्कार. मी बावन्न वर्षांची असून धनकवडीत राहते. यजमान भोसरीच्या एका कंपनीतून तीन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. मुलगा सत्तावीस वर्षांचा, बी.एड. झालेला आहे, सध्या संध्याकाळी एका क्लासमध्ये गणित शिकवतो. अनुदानित शाळा चालवणाऱ्या एका संस्थेच्या संचालकांनी 'पुढच्या भरतीत तुमच्या मुलाचे काम नक्की' असा शब्द दिल्यापासून यजमान दर गुरुवारी त्यांच्या बंगल्यावर जाऊन बसतात. साहेबांच्या वाढदिवसाचा फ्लेक्स आम्ही लावला, दिवाळीला फराळ पोचवला आणि इमारत निधी म्हणून दोन लाख रुपये रोख दिले. पावती मिळाली नाही. आता आणखी तीन लाख मागितले आहेत आणि यजमान माझ्या पाटल्या गहाण ठेवू म्हणतात. मी एकादशीला देहूला जाणारी बाई आहे. माणसांच्या मागे लागणे सोडा, पांडुरंग पाहून घेईल, असे मी म्हणते. ते म्हणतात, 'तुझा पांडुरंग नेमणुकीच्या आदेशावर सही करतो का?' नोकरी लागली की देहूला अन्नदान करीन, असा नवसही मी बोलले आहे. माझे काही चुकते आहे का?" (चार पानी पत्रातील सारांश)

सौ. स. कु. यांस, सप्रेम नमस्कार.

यजमानांचा प्रश्न तुम्हाला लागला असला तरी तो टाकाऊ नाही, म्हणून उत्तराची सुरुवात तिथूनच करते. नेमणुकीच्या आदेशावर पांडुरंग सही करत नाही, हे कबूल. पण साहेबांच्या सहीने तरी नेमणूक होते का, हे तपासून पाहायला हवे. अनुदानित शाळांतील शिक्षकांची भरती आता शासनाच्या 'पवित्र' या पोर्टलवरून होते आणि तिच्यासाठी उमेदवाराला शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी द्यावी लागते. ही चाचणी २०१७ मध्ये पहिल्यांदा झाली, नंतर २०२३ मध्ये आणि २०२५ मध्ये झाली, आणि ती घेणारी महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद आपल्या पुण्यातच आहे. मुलाखतीचा पर्याय निवडणाऱ्या संस्थेला उमेदवारांची मुलाखत घेता येते, हे खरे. परंतु मुलाखतीला कोणाला बोलवायचे ती यादी चाचणीतील गुणांवरून तयार होऊन येते. मुलाचे नाव त्या यादीत नसेल, तर साहेबांच्या मनात कितीही असले तरी त्यांचा हात तिथवर पोचत नाही. नाव असेल, तर ते मुलाने स्वतः मिळवलेल्या गुणांवर आलेले असेल. तुमच्या पत्रात फराळाच्या डब्यांचा हिशेब आहे, फ्लेक्सचा खर्चही आहे, मात्र मुलाने ही चाचणी दिली की नाही आणि दिली असल्यास किती गुण मिळाले, याविषयी एक अक्षरही नाही. यजमानांना पहिला प्रश्न हाच विचारा, आणि तो टोमणा म्हणून विचारू नका.

पैशांविषयी थोडक्यात लिहिते, कारण त्यात विचार करण्यासारखे फारसे काही नाही. ज्या निधीची पावती मिळत नाही, तो निधी नव्हे. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर लाच देणे हाही स्वतंत्र गुन्हा ठरला आहे. बळजबरीने द्यावी लागली असेल, तर देणाऱ्याने सात दिवसांच्या आत तक्रार केल्यास त्याला संरक्षण मिळते. तुमच्या दोन लाखांची ती मुदत उलटून गेलेली दिसते, म्हणून त्याबाबत एखाद्या वकिलांशी बोलून मगच पाऊल उचला. पुढच्या तीन लाखांपैकी मात्र एक रुपयाही अजून घराबाहेर गेलेला नाही, आणि लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा क्रमांक अशाच वेळेसाठी आहे.

आता तुमच्या मूळ दुखण्याकडे येते. माझ्या वडिलांच्या पाकिटात एक व्हिजिटिंग कार्ड होते. आम्ही नारायण पेठेतल्या वाड्यात राहत होतो, थोरला भाऊ पदवी घेऊन दोन वर्षे घरी बसला होता आणि वडील दर रविवारी सकाळी एका पुढाऱ्याच्या घरी जात असत. मी दोनदा त्यांच्याबरोबर गेले होते. ओसरीबाहेर चपलांचा एवढा ढीग पडलेला असे की परत निघताना वडिलांना आपली जोडी शोधायला पाच-दहा मिनिटे लागत, आणि एकदा तर ते एका पायात दुसऱ्याचीच चप्पल घालून लक्ष्मी रस्त्यापर्यंत चालत आले. सहा महिन्यांनी त्या पुढाऱ्याने आपल्या कार्डामागे 'यांचे काम करावे' एवढे तीन शब्द लिहून खाली सही केली. कोणाचे काम, कोणते काम आणि ते कोणी करावे, यांपैकी काहीही त्यावर नव्हते. पाकिटाच्या ज्या कप्प्यात आधी कसब्याच्या गणपतीचे चित्र असे, त्यात वडिलांनी ते कार्ड ठेवले आणि गणपतीला मागच्या कप्प्यात नोटांबरोबर जागा दिली. पुढे तो पुढारी निवडणुकीत पडला. तरीही ते कार्ड आणखी दोन वर्षे त्याच कप्प्यात होते. शाई फिकी होत गेली आणि भावाला दरम्यान एका छापखान्यात जाहिरात पाहून नोकरी लागली.

मी वडिलांना कधीच हसले नाही. घरात बसलेल्या मुलाकडे पाहत राहण्यापेक्षा कोणाच्या तरी ओसरीवर बसणे बापाला सोपे वाटते, हे मला फार उशिरा कळले. तुमच्या पत्रातही यजमानांची निवृत्ती तीन वर्षांपूर्वीची आहे आणि गुरुवारच्या फेऱ्याही साधारण तेव्हापासूनच सुरू झालेल्या दिसतात. ज्याची तीस-पस्तीस वर्षे सकाळच्या कंपनीच्या बसच्या वेळेवर गेली, त्याला आठवड्यातून एक दिवस इस्त्रीचा शर्ट घालून कुठेतरी जायचे असते आणि तिथे कोणी 'या काका, बसा' म्हटले की बरे वाटते. मुलाचे काम हे त्या जाण्याचे कारण आहेच, पण ते एकमेव कारण असेल, असे मला वाटत नाही. म्हणून 'त्या माणसाचा नाद सोडा' असे तुम्ही म्हणता, तेव्हा त्यांना ते साहेबांविषयीचे मत म्हणून ऐकूच येत नसावे. उरलेसुरले एक काम हातातून काढून घेतल्यासारखे वाटत असावे.

राहिला वजनदार माणसांचा भरवसा. तो किती टिकतो, हे पुण्यात राहणाऱ्याला वेगळे सांगावे लागू नये. मार्च २०२२ मध्ये आपल्या महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपली, निवडणूक लांबली आणि कारभार प्रशासकाच्या हाती गेला. ज्यांच्या एका फोनवर गल्लीतले ड्रेनेज दुरुस्त होत असे, त्यांच्या पाटीवर 'माजी' हा शब्द लागला आणि त्यांच्या भोवती फिरणाऱ्यांना क्षेत्रीय कार्यालयात स्वतः अर्ज घेऊन उभे राहण्याची वेळ आली. हे काही आजचेच नाही. ज्या नाना फडणविसांच्या मर्जीसाठी अर्धा हिंदुस्थान पुण्याकडे डोळे लावून बसे, त्यांना १७९७ सालच्या शेवटच्या दिवशी दौलतराव शिंद्यांच्या माणसांनी पकडले आणि नगरच्या किल्ल्यात ठेवले. नानांवर विसंबलेल्या लहानमोठ्या माणसांनी ती रात्र कशी काढली असेल, असा विचार बेलबागेवरून जाताना माझ्या मनात येतो; ते लक्ष्मीनारायणाचे देऊळ नानांनीच बांधलेले आहे.

इथपर्यंत वाचून 'मी म्हणत होते ते बरोबरच होते' असे तुम्हाला वाटले असेल, तर जरा थांबा. तुमच्या नवसाकडे एकदा शांतपणे पाहा. काम झाले तर अन्नदान, हा तुमचा बोल. आधी निधी द्या, मग काम, हा साहेबांचा. पांडुरंग आगाऊ मागत नाही, एवढाच काय तो फरक. बोललेला नवस फेडू नका, असे मी म्हणणार नाही. अन्नदान अवश्य करा, मुलाला नोकरी लागली नाही तरी करा. परंतु ज्याच्याकडे आपण अट घालून जातो, त्याच्यावर आपला भरवसा आहे असे म्हणता येते का, हे मनाशी पडताळून पाहा. यजमानांनी एक दार धरले आहे आणि तुम्ही त्याहून मोठे. दोघांच्या हातांत अर्ज मात्र एकच आहे. त्यांना तुमच्या बोलण्यात श्रद्धा दिसत नाही, 'असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी' एवढेच ऐकू येते, याचे कारण कदाचित हेच असेल.

तुम्ही देहूला जाता, म्हणून देहूचीच गोष्ट काढते. तुकाराम महाराजांच्या घरात महाजनकी होती आणि सावकारीही होती. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात त्यांची पहिली पत्नी आणि मुलगा गेला, व्यापार बुडाला. पुढे डोंगरावरील एकांतातून परतल्यावर त्यांनी लोकांकडून येणे असलेल्या कर्जाची खते काढली, धाकटा भाऊ कान्होबा यांच्याबरोबर त्यांचे दोन वाटे केले आणि आपला वाटा इंद्रायणीत बुडवला, अशी कथा परंपरेने सांगितली जाते. कीर्तनात ती वैराग्याची कथा म्हणून येते. मला मात्र तिच्यातल्या दोन बारीक गोष्टी अधिक महत्त्वाच्या वाटतात. पहिली अशी की, ज्यांची खते नदीत गेली, त्या कुळांच्या दृष्टीने महाराज स्वतःच 'साहेब' होते. देवावर भार टाकताना त्यांनी आधी आपल्या दारात ओशाळून उभे राहणाऱ्यांना मोकळे केले. तुमच्यावर कोण असे अवलंबून आहे, तुमच्या शब्दासाठी कोण ताटकळते, हे तुम्ही पत्रात लिहिलेले नाही. पण घरकामाच्या बाई असोत वा भाडेकरू असोत, असे एखादे माणूस बहुतेक घरांत असते.

दुसरी गोष्ट भावाच्या वाट्याची. महाराजांनी ती निम्मी खते बुडवली नाहीत. कान्होबांच्या मनाची तयारी झालेली नव्हती, त्यांना घर चालवायचे होते, आणि आपला देवावर भरवसा आहे म्हणून भावाच्या पोटाचा प्रश्न परस्पर नदीत सोडण्याचा अधिकार आपल्याला आहे, असे महाराजांनी मानले नाही. तुमच्या घरातही वाटणी करता येईल. पाटल्या तुमच्या आहेत, ते तुमचे स्त्रीधन आहे, आणि त्या द्यायच्या नाहीत हे तुम्ही न रडता व न भांडता एकदाच सांगू शकता. त्यासाठी पांडुरंगाचा दाखला देण्याचीही गरज नाही. यजमानांचे गुरुवार हा त्यांचा वाटा. ते त्यांनी कधी सोडायचे, हे त्यांनाच ठरवू द्या.

माणसांची मदत घेणे म्हणजे देवावरचा विश्वास उडणे, असेही कृपा करून समजू नका. मुलाला चाचणीचा अभ्यास कसा करावा हे एखाद्या अनुभवी मास्तरांनी सांगितले, भरतीची जाहिरात कोणी दाखवली, ओळखीच्या शाळेत तासिका तत्त्वावर काम आहे असे कोणी कळवले, तर ती मदत आनंदाने घ्या. अशा माणसाला नंतर आपण 'नाही' म्हणू शकतो, त्याच्या समोर खुर्चीवर बसू शकतो आणि मदत मिळाली नाही तरी त्याच्याशी सरळ बोलू शकतो. साहेबांच्या बाबतीत यजमानांना यांपैकी काय शक्य आहे, ते तुम्हीच पाहा. ज्या माणसाकडे पावती मागण्याची आपल्याला भीती वाटते, त्याच्यावर आपला विश्वास नसून त्याचा आपल्याला धाक आहे. देवावर भरवसा असलेल्या माणसाला दुसरे काही साधो न साधो, पावती तरी मागता आली पाहिजे. इतकी वर्षे लोकांची पत्रे वाचताना श्रद्धेची याहून चांगली खूण मला सापडलेली नाही.

तेव्हा येत्या गुरुवारी यजमानांना अडवू नका. त्यांनी साहेबांना दोनच गोष्टी विचाराव्यात असे सुचवा: दिलेल्या दोन लाखांची संस्थेच्या नावाची पावती कधी मिळेल, आणि पुढच्या भरतीत आपल्या संस्थेच्या किती जागा पोर्टलवर येणार आहेत. एकट्याने विचारायचा संकोच होत असेल तर तुम्ही बरोबर जा. उत्तर काय येते, त्यापेक्षा ते देताना साहेबांचा चेहरा कसा होतो, हे यजमानांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे. तुम्ही तीन वर्षे सांगून जे झाले नाही, ते तिथे पाच मिनिटांत होण्याचा संभव आहे. आणि झाले नाही, तरी पाटल्या कपाटात आहेतच.

एक गोष्ट राहिली. तुमच्या चार पानांत साहेब आहेत, यजमान आहेत, पांडुरंग आहे. मुलगा मात्र एकाच वाक्यात येतो, संध्याकाळी गणित शिकवणारा. त्याला या साऱ्याविषयी काय वाटते, अशा वाटेने मिळालेल्या नोकरीत त्याला उद्या वर्गात मुलांसमोर उभे राहायचे आहे का, किंवा मुळात त्याला शाळेतच शिकवायचे आहे की क्लासमध्ये तो सुखी आहे, हे त्याला कोणी विचारल्याचे पत्रावरून दिसत नाही. पुढच्या एकादशीला देहूला जाताना त्याला बरोबर न्या, आणि परतीच्या बसमध्ये तुम्ही काही न सांगता त्याला बोलू द्या.

तुमची,
ताई